सूपभर कोंड्याचं लेकरू

आमच्या संस्थेत दर तीन महिन्यांनी प्रशिक्षण असतं. गेल्या मार्चच्या प्रशिक्षणाचा विषय होता ‘सांस्कृतिक जाण’. बेंगळुरूच्या जयनगरातल्या एका हॉलमध्ये आम्ही चाळीस जण दिवसभर एसीत कुडकुडत बसलो. गरीब घरांत काम करताना त्यांच्या चालीरीती कशा समजून घ्याव्यात, हे आम्हाला पडद्यावर दाखवलं. मग रंगीत कार्डं वाटली. एका कार्डावर लिहिलं होतं, ‘गृहीत धरू नका, विचारा.’ दुसऱ्यावर डोळे मिटलेल्या बाईचं चित्र आणि खाली ‘ऐका’. दुपारी पनीर होतं, संध्याकाळी प्रमाणपत्रं. माझं प्रमाणपत्र टेबलाच्या खणात आहे. ते दिसलं की मला ओकारी येते, म्हणून मी तो खण उघडत नाही.

ओकारी हा शब्द मी उगाच वापरत नाही. अकरा वर्षं मी वस्त्यांतून फिरते आहे. तुंबलेली गटारं, खरूज झालेली पोरं, दारूत लोळणारे बाप, सगळं पाहिलं. शिसारी कधी आली नाही. ती आली आमच्या कोरमंगलाच्या स्वच्छ ऑफिसात, आणि सगळ्यात जास्त आली ती माझी मला.

माझं नाव रूपश्री. आमचं घराणं पाच पिढ्या बेंगळुरूत आहे. घरात मराठीच बोलतो, पण आमच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की बाहेरचा मराठी माणूस ऐकून हसतो. आमच्या प्रोग्राम हेड यशश्री हसायच्या. त्या पुण्याच्या, परदेशातून समाजकार्याची पदवी घेऊन आलेल्या, सर्जापूर रोडला चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आणि माझ्या साहेब. बाई वाईट नाही. कुणाच्याही झोपडीत गेली तरी दिलेला चहा पिते, कपाची कड पुसत नाही. पण मी ‘स्वल्प थांबा, येते’ म्हटलं की ते सगळ्या ऑफिसला ऐकवायची आणि म्हणायची, “किती क्यूट मराठी आहे हो तुमचं.” मीही सगळ्यांबरोबर हसायचे.

जूनमध्ये हेल्पलाइनवर एक फोन आला. सर्जापूर रोडच्या एका सोसायटीतल्या बाई तक्रार करत होत्या की त्यांची भांडीवाली एक तान्हं मूल कडेवर घेऊन येते आणि विचारलं की सांगते, हे माझं नाही. भांडीवालीचं नाव रंजिता. नवरा खंडोजी इमारतींना रंग लावायचा. दोघं बिदरकडच्या भालकीची, घरी मराठी बोलणारी.

मराठी म्हटल्याबरोबर यशश्रीने स्वतः जायचं ठरवलं. तमिळ किंवा तेलुगू घर असतं तर तिने दुभाषा घेतला असता, दहादा विचारलं असतं, ते कार्ड पर्समधून काढून वाचलं असतं. मराठी घर निघालं म्हणून तिला काही विचारायची गरज वाटली नाही. “आपलीच माणसं आहेत,” ती म्हणाली. “मी बोलते त्यांच्याशी. तुम्ही बाळाचं वजन घ्या.” उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ही उंटावरून उतरून शेळ्यांत येऊन बसली आणि तरी तिला शेळी ओळखता आली नाही.

सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याच्या खोल्या होत्या. त्यातल्या तिसरीत रंजिता राहायची. वय असेल चोवीस. मूल आठ महिन्यांचं, मुलगा, चांगला गुटगुटीत. गालावर आणि तळपायाला काजळाची तीट, अंगात रंग उडालेल्या, फाटक्या लुगड्याचं झबलं. मी वजनकाटा दाराच्या आडव्या बांबूला अडकवला आणि मुलाला झोळीत ठेवलं. साडेआठ किलो. आमच्या तक्त्यातल्या हिरव्या पट्ट्याच्या मधोमध. इतकं निरोगी मूल मी त्या महिन्यात दुसरं पाहिलं नव्हतं.

यशश्रीने गोड आवाजात विचारलं, बाळ तुमचंच ना? रंजिताने मान हलवली नाही. ती हसून म्हणाली, “सेल्वीअक्काचं हाय. तिला इकलंय आम्ही.”

“विकलंय? कितीला?”

“सूपभर कोंड्याला.” हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता. “दोन गेली आमची. ह्यो इकला म्हणून जगला. नाव बी कोंड्याच ठिवलंय.”

यशश्रीचं पेन थांबलं आणि मग भराभर चालायला लागलं. मी झोळीतल्या मुलाला धरून उभी होते. मला सगळं कळलं होतं. माझ्याएवढं त्या खोलीत कुणालाच कळलं नव्हतं, कारण माझे अप्पा असेच विकलेले होते. त्यांच्याआधी आजीची तीन मुलं गेली. चौथं झालं तेव्हा तिने ते गल्लीतल्या फुलवालीच्या ओटीत घातलं, बदल्यात मूठभर मीठ घेतलं आणि मुलाचं नाव ठेवलं गुंडो. गुंडू म्हणजे कन्नडात गोल दगड. दगडाला कोण उचलून नेतं? शाळेत नरसिंगराव नाव लागलं, पण घरी ते मरेपर्यंत गुंडोच होते. पाच वर्षांनी जावळ काढून आजीने त्यांना परत विकत घेतलं. मूल त्या पाच वर्षांत एक रात्रही दुसऱ्या घरी झोपलं नव्हतं. विकायचं असतं ते मृत्यूला ऐकू जावं म्हणून.

एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. परतताना गाडीत मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात यशश्री म्हणाली, “भुसा देऊन मूल घेतलं त्या बाईने. इमॅजिन करा. आणि ही हसतेय. असल्या लोकांमुळे इथे मराठी माणसाची मान खाली जाते.” माझ्या डोळ्यांसमोर अप्पा आले, धोतराचा सोगा सावरत. आता मी सांगितलं की ही मलाही त्या ‘असल्या लोकां’त नेऊन बसवणार, असं मला वाटलं. उद्या ऑफिसात ‘क्यूट’च्या जागी दुसरा शब्द येणार. मी मूग गिळून खिडकीबाहेर बघत बसले. पंचेचाळीस वर्षांची बाई, आणि बापाची लाज वाटली मला. त्या क्षणाचा विटाळ माझ्या अंगावरून अजून गेलेला नाही.

अहवाल दुसऱ्या दिवशी बाल कल्याण समितीकडे गेला. त्यात लिहिलं होतं की उपासमारीमुळे अर्भकाची धान्याच्या बदल्यात विक्री झाली असून आईने ती मान्य केली आहे. साडेआठ किलो हा आकडा शेवटच्या पानावर, परिशिष्टात होता. चिंध्यांचं झबलं पहिल्या पानावर. ती चिंधी मागून आणायची असते, चांगलं घातलं तर दृष्ट लागते, हे मला माहीत होतं. अहवालाखाली दोन सह्या लागतात. दुसरी माझी आहे.

मूल न्यायला मीही गेले होते, बरोबर एक महिला पोलीस. सेल्वी तिथेच समोर इस्त्रीची गाडी लावायची. पन्नाशीची, चार मुलं वाढवून संसाराला लावलेली बाई. जिची सगळी जगली तिलाच मूल विकायचं असतं. पोलीसबाईने मुलाला उचललं तशी सेल्वी इस्त्री तशीच ठेवून धावली. रंजिता जागची हलली नाही. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती भिंतीला टेकली आणि तिथेच हळूहळू खाली बसली. ‘माझं लेकरू’ हे दोन शब्द तिने तेव्हासुद्धा तोंडातून जाऊ दिले नाहीत. पोलीसबाई मला म्हणाली, बघा मॅडम, खरी आई अशी गप्प बसेल का? इस्त्रीखाली कुणाचा तरी शर्ट जळत होता, त्याचा वास माझ्या नाकात गेला. मी पोलीसबाईसाठी गाडीचं दार उघडलं.

समितीपुढे पहिली तारीख आठ दिवसांनी पडली. अध्यक्ष पुष्पावती मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, सरळ बाई. त्यांनी कन्नडात विचारलं, मी मराठीत रंजिताला सांगितलं. हे मूल कुणाचं? रंजिता म्हणाली, सेल्वीअक्काचं. सेल्वीला विचारलं तर ती छाती ठोकून म्हणाली, “नंदे.” म्हणजे माझंच. दोघी एकमेकींना दिलेला शब्द पाळत होत्या आणि त्यांचा प्रत्येक शब्द आमच्या अहवालाला पुरावा म्हणून चिकटत होता. खंडोजी हात जोडून दाराशी उभा होता, त्याला कुणी काही विचारलंच नाही.

पुष्पावती मॅडमनी चष्मा काढला. हॉस्पिटलच्या कागदावर आई म्हणून रंजिताचं नाव आहे, त्या म्हणाल्या. तिने मूल आपलं म्हणून मागितलं, तर समज देऊन ते परत देता येईल. नाही मागितलं तर दोन महिन्यांनी ते दत्तकासाठी मोकळं होईल आणि सेल्वीवर गुन्हा नोंदवावा लागेल. पुढच्या तारखेला आईने स्वतःच्या तोंडाने सांगावं. त्याहून जास्त त्यांना काही नको होतं.

त्या संध्याकाळी मी यशश्रीच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. गुंडोचं सोडून. आमच्या लोकांत असं असतं म्हणाले, आमच्याच घरात होतं ते सांगितलं नाही. मला वाटलं तिला धक्का बसेल, ती समितीला पत्र लिहील, आमचं चुकलं म्हणेल. तिचे डोळे चमकले. “वॉव, रूपश्रीताई. ही तर परफेक्ट केस स्टडी आहे. कल्चरल कॉम्पिटन्सवर मला डिसेंबरमध्ये प्रेझेंट करायचंच होतं.” मग तिने समजावलं की अहवाल मागे घेता येणार नाही, ऑगस्टमध्ये देणगीदार येणार आहेत, आपण खोटा रिपोर्ट दिला असं दिसेल. शिवाय गरज काय? आईने फक्त ते एक वाक्य म्हणायचं आहे. “तुम्ही त्यांच्यातल्याच आहात, तुमचं ऐकेल ती.”

तिच्या टेबलावर काचेच्या वाटीत बदाम होते. बोलता बोलता ती एकेक खात होती. मला त्या चावण्याच्या आवाजाची किळस आली, आणि तरी मी ‘सरी मॅडम’, म्हणजे बरं मॅडम, म्हणून उठले. कारण खरं सांगायचं तर मलाही तेच सोपं वाटलं. समितीपुढे उभं राहून ‘माझा बापही असाच विकलेला’ म्हणण्यापेक्षा, दुसऱ्या बाईकडून एक वाक्य वदवून घेणं कितीतरी सोपं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हे असं.

रंजिताच्या खोलीत आता दोरीवर एकही कपडा नव्हता. दूध साकळून छातीत गाठी झाल्या होत्या, तिने ओलं फडकं बांधलं होतं. मी समजावायला सुरुवात केली. तिने शांतपणे ऐकलं आणि मग आपलं सांगितलं. पहिल्या मुलाला ती दिवसभर ‘माझा राजा, माझा राजा’ करायची, ते नऊ दिवसांत गेलं. दुसरी मुलगी, तिला तोंडाने नाही पण मनात माझी म्हणायची, ती पाच महिन्यांची होऊन गेली. तिसऱ्याला तिने मनातसुद्धा माझा म्हटलं नाही. पाच वर्षं कळ काढायची होती. मग खानापूरच्या मैलारला, त्यांच्या खंडोबाला, जाऊन जावळ काढायचं आणि सेल्वीअक्काला साडीचोळी देऊन लेकरू परत घ्यायचं. तिथून पुढे हवं तेवढं माझं माझं म्हणायचं.

मी म्हणाले, “एकदाच म्हण. नाही म्हटलंस तर ते मूल कुणा परक्याच्या घरी जाईल, तुला कधीच दिसणार नाही.”

“पर जगंल,” ती म्हणाली.

मी देवाचं काढलं, डॉक्टरचं काढलं, लस टोचलेली मुलं कशी जगतात ते सांगितलं. सेल्वीला पोलीस नेतील म्हटलं, तेव्हा ती पहिल्यांदा हलली. तिने विचारलं, “अक्का, तुमच्यात असतंय का असं काही?”

त्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं असतं, तर पुढचा प्रश्न मला ठाऊक होता. तुमची आजी म्हणाली असती का? आणि आजी म्हणाली नसती. तिला तुरुंगात टाकलं असतं तरी म्हणाली नसती.

मी म्हणाले, “नाही. आमच्यात असलं काही नसतं.”

तिने मान खाली घातली. मी शिकलेली, ऑफिसात बसणारी, तिच्या भाषेत बोलणारी. मीच सांगते आहे की हे काही नसतं. “बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या तारखेला मूल शिशुगृहातून आणलं. त्याला निळा नवा टीशर्ट घातला होता, तीट पुसली होती, जावळ काढून डोकं गुळगुळीत केलं होतं. उवा होऊ नयेत म्हणून तिथे सगळ्यांचंच काढतात. मैलारच्या नावाने राखलेले ते केस कुठल्याशा न्हाणीघरात वाहून गेले होते. रंजिताची नजर त्या डोक्यावर गेली आणि तिथेच राहिली. पुष्पावती मॅडमनी विचारलं, मी भाषांतर केलं.

“माझं हाय,” रंजिता म्हणाली.

मी तेच कन्नडात म्हणाले. मॅडमनी ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा विचारलं. तिने पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्याने, आणि तिच्या कपाळावर घाम फुटला. आदेश पाच मिनिटांत निघाला. सेल्वीला तोंडी समज दिली. खंडोजीने मॅडमच्या टेबलाला डोकं टेकवलं. यशश्रीने मोबाइलवर पाठमोरा फोटो काढला, चेहरे दिसू नयेत याची काळजी घेऊन, आणि माझ्या कानात म्हणाली, “सो प्राउड ऑफ यू.”

बाहेर पायऱ्यांवर आलो. मूल रंजिताच्या छातीला तोंड लावायला धडपडत होतं. तिने ते दोन्ही हातांनी स्वतःपासून दूर धरलं होतं, भरलेला पाण्याचा हंडा धरावा तसं. ती सरळ सेल्वीजवळ गेली आणि मूल तिच्या हातांत दिलं. सेल्वीला वाटलं, पदर सावरायला दिलंय. तिने घेतलं.

“आता ठिवा,” रंजिता म्हणाली. “आमी रातच्या गाडीनं गावाकडं चाललाव.”

मी तिचा दंड धरला. वेड लागलंय का तुला, म्हणाले, आत्ता तर परत मिळालं. ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती मला समजावत असल्यासारखी बोलली. “अक्का, मी सगळ्यांदेखत म्हनले. दोनदा म्हनले. जावळ बी गेलं. आता माझ्याजवळ ऱ्हायला तर जाईल त्यो. माझी सावली बी नगं त्याच्यावर.” खंडोजीने जमिनीवरचं गाठोडं उचललं. त्यांनी सामान बांधून आणलं होतं हे मला तेव्हा दिसलं. दोघं रस्ता ओलांडून बसच्या थांब्याकडे गेली. मूल सेल्वीच्या खांद्यावरून तिकडे बघत रडत होतं आणि रंजिताने वळून पाहिलं नाही.

आमच्या अहवालात जे खोटं लिहिलं होतं ते आम्ही दीड महिन्यात खरं करून दाखवलं. आईने मूल देऊन टाकलं. कोंडासुद्धा घेतला नाही.

यशश्रीला हे मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर तिला नवी माहिती म्हणून समितीला कळवावं लागेल आणि सेल्वीच्या दारात पुन्हा गाडी उभी राहील. दर महिन्याला मी पाहणीचा फॉर्म भरते. ‘मूल सध्या कोणाकडे?’ या प्रश्नापुढे ‘आईकडे’ असं लिहिते आणि सही करते. डिसेंबरमधलं प्रेझेंटेशन छान झालं म्हणतात. शेवटच्या स्लाइडवर तो पाठमोरा फोटो होता. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मागच्या आठवड्यात वजन घ्यायला गेले होते. मूल आता उभं राहतं, इस्त्रीच्या गाडीचं चाक धरून. सेल्वी खूप थकलेली दिसली. या वयात रात्रीची जाग झेपत नाही, ती म्हणाली. पाच वर्षं नावापुरती आई व्हायचं कबूल केलं होतं, जन्मभराचं नव्हे. मग तिने सांगितलं की परवा राहवेना, म्हणून तिने भालकीला फोन लावला. रंजितानेच उचलला. सेल्वीने काही न बोलता फोन मुलाच्या तोंडाशी धरला. ते नेमकं रडत होतं, दात येताहेत. पलीकडे कितीतरी वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. सेल्वीला वाटलं, आता ती येते म्हणेल.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

सेल्वीने मुलाचं नाक पदराने पुसलं. “म्हणाली, कुणाचं लेकरू रडतंय अक्का? घ्या की त्याला.”